मुडद्यांची कादंबरी आणि माझं बोलावणं

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

शाळेत माझा वर्ग कविता चालीवर म्हणायचा. शेवटची ओळ संपायची, सगळे गप्प व्हायचे, आणि मग मधल्या रांगेतून एक आवाज शेवटचा शब्द एकटाच म्हणायचा. उशिरा. दरवेळी. ती शाइस्ता. मी टेबलावर डस्टर आपटायचो. धप्प! खडूची धूळ उडायची. तो सूर आणि ती धप्प अजून कानात आहे. काय दिवस होते!

आज त्याच शाइस्ताने, आता ती प्राध्यापिका आहे, माझ्या साहित्य मंडळात कवितेचा मुडदा पाडला. अक्षरशः मुडदा. फेब्रुवारीच्या बैठकीसाठी दोनशे वर्षांपूर्वीची एक विलायती कादंबरी ठरवली. त्यात कॉलेजातला एक पोरगा मेलेल्यांचे हातपाय गोळा करतो, शिवतो आणि त्यात जीव घालतो. शी! मी 'शालेय कवितांचं सामूहिक गायन' सुचवलं. मताला टाकलं. एकच हात वर झाला. फार वेळ वर ठेवल्याने खांदा दुखतो आहे.

हे मंडळ मी जन्माला घातलं. त्याआधी मेहकरात साहित्य म्हटलं की लोक बांधकामाचं समजायचे. पुढे माझ्या कवितांना जांभया येऊ लागल्या, तेव्हा मी जाणं थांबवून मंडळाला स्वातंत्र्य दिलं. शाइस्ताने उरलेले दोघे, भिशीतल्या बायका, एक बँकेतला कॅशियर असे तुकडे जोडून ते परत उभं केलं. दिसतं कसंतरीच. चालतं मात्र, म्हणून हल्ली मी परत जाऊ लागलो.

घरी आल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. आता धावतील. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.

६ जानेवारी

फोन आला. सिलिंडरवाला.

८ जानेवारी

निश्चय. कादंबरी वाचायची आणि तिच्या चिंध्या करणारं भाषण लिहायचं. बोलावणं येईल तेव्हा ते खिशात तयार हवं. रोज पहाटे पंचवीस पानं.

वाचनालयातून मराठी प्रत आणली. मुखपृष्ठावर टाके घातलेलं हिरवट तोंड. आतल्या पानावर कोणाच्या तरी भज्यांचं तेल. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. दोनदा हात धुतले. तरी जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

थंडी.

१० जानेवारी

कालच्यासारखंच.

१२ जानेवारी, रविवार

विमलला, म्हणजे बायकोलाही, किळस यावी म्हणून मोठ्याने वाचलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. ते प्रेत पिवळे डोळे उघडतं आणि तो पोरगा घाबरून पळून जातो. मी म्हणालो, योग्यच केलं. मी असतो तर तालुका सोडला असता.

विमल म्हणाली, "काऊन? त्यानंच बनवलं ना त्याले?"

कुरूप होतं ते, मी म्हणालो.

"लेकरू पैल्या दिवशी कुठं साजरं दिसते? आपला प्रेमानंद झाला तवा भाजलेल्या वांग्यावानी होता. तुमी पयाले का?"

साहित्यात वांगं आणणाऱ्या माणसाशी चर्चा होऊ शकत नाही. पुस्तक मिटलं. तिने विचारलं, "पुढं काय झालं त्याचं?" मी म्हणालो, मेलं असेल.

१५ जानेवारी

पुस्तक मी चपलांच्या रॅकवर ठेवलं होतं. त्याची जागा तीच. आज सापडेना. शेवटी विमलच्या उशीखाली मिळालं. म्हणाली, उशी उंच लागते. बरोबर निम्म्यावर तिची हेअरपिन अडकलेली होती. या घरात उंदीर फार झालेत.

२० जानेवारी

मी फिरायला गेलो असताना शाइस्ता येऊन गेली. मागच्या आठवड्यातही म्हणे आली होती. अर्थ उघड आहे. माफी मागायची हिंमत गोळा करते आहे. विमलपाशी तासभर बसली. काय म्हणत होती, असं सहज विचारलं. विमल म्हणाली, "तिळगूळ खाऊन गेली."

माझं नाव काढलं का, हे विचारलं नाही. स्वाभिमान.

२५ जानेवारी

भाषणाची पहिली ओळ तयार: "रसिकहो!" दुसऱ्या ओळीसाठी कादंबरी वाचावी लागेल, पण ती अजून उशीच्या कामात आहे. शिवाय डोळ्यांत थेंब घालतो आहे.

आज भाकरी करपली. विमल तव्यापाशी डोळे पुसत उभी. म्हणाली, "त्याले कोणी नावसुदा नाही ठेवलं हो." शेजारच्यांच्या नातवाबद्दल असावं. मग म्हणाली, "जीव घातला, पण जीव नाही लावला त्यानं."

वाक्य चांगलं आहे. क्रियापदांचा तोल पाहण्यासारखा. भाषणात दुसरी ओळ म्हणून घेतलं. तिच्या लक्षातही राहणार नाही.

१ फेब्रुवारी

बैठक उद्या. बोलावणं नाही. मोबाइल चालू आहे ना, हे पाहायला घरातल्याच दुसऱ्या मोबाइलवरून लावून पाहिला. चालू आहे.

विमलने सतरंजी झटकली, शेजारच्या शालूबाईंकडून कप आणले. हळदीकुंकू दिसतं. मी म्हणालो, उद्या मी बहुधा नसेन, मंडळाची माणसं न्यायला येतील. ती म्हणाली, "राहा ना घरीच." किती जीव लावते!

२ फेब्रुवारी, रविवार. स्वयंपाकघर.

चहा उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं आहे. तेवढ्यात लिहून घेतो.

चारला जाकीट घालून बसलो होतो. मंडळ जिथे भरतं ते वाचनालय चालत गेलो तर जवळच आहे, पण न बोलावता जाणं मला जमणारं नव्हतं. वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत दुपारी एकदा जाऊन आलो होतो. दाराला कुलूप. बैठकच रद्द झाली असणार. माझ्याशिवाय दुसरं काय होणार, म्हणून जाकीट काढायला घेतलं, तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं. अख्खं मंडळ. माझे ते दोघे, भिशीच्या बायका, कॅशियर, सगळे तुकडे माझ्या उंबऱ्यावर उभे. एका सुरात म्हणाले, "नमस्कार, सर!"

आणि मग मागून, एकटाच, उशिरा: "...सर."

डस्टर हाताशी नव्हता. असता तरी आपटला नसता. दोनदा नाही म्हणायचं विसरलो. खिशातून कागद काढला आणि म्हणालो, "रसिकहो!"

शाइस्ता पुढे आली. हातात खडू. म्हणाली, "सर, तुम्हीपण बसा ना आज. फक्त जरा सरका, फळा आत घ्यायचाय." आणि माझ्या खांद्यावरून आत आवाज दिला, "काकू, तुमचंच वाक्य लिहू ना वर? जीव घातला, पण जीव नाही लावला?"