शनिवारची मुलं

टीचर, माझी मुलगी या वर्षी चाळिशीची झाली. तुमच्या शिवणक्लासला मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही साधारण तेवढ्याच असाल, आणि तरी मला तुम्ही चांगल्या वयस्क वाटला होतात. चष्मा कपाळावर चढवलेला, गळ्यात मापाची टेप, ओढणीच्या टोकाला दोन-चार टाचण्या खोचलेल्या. परवा माझी मुलगी फोनवर तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी म्हणत होती, "आधी पूर्ण सांग, मग रड," आणि मी हातातलं काम ठेवून ऐकतच राहिले, कारण ते वाक्य तिचं नाही, तुमचं आहे. ती तुमच्या मशीनखाली बसून रंगीत चिंध्या गोळा करायची तेव्हा तिच्या कानावर पडलं असणार. तेव्हापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता लिहून काय उपयोग, असंही वाटतं. पण लिहिते.

तुमचा क्लास उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, बॅरकच्या पुढच्या खोलीत. सहा मशिनी, एक लांब टेबल, आणि शेजारच्या कारखान्यात जीन्स धुवायचे म्हणून दारापुढच्या गटारातून सतत निळं पाणी वाहायचं. मी बदलापूरहून दुपारच्या गाडीने यायचे, कडेवर अडीच वर्षांची मुलगी. शिवण शिकायचं होतं हे खरं, पण दुपारी घरात थांबायचं नव्हतं हे त्याहून खरं. आम्ही मूळचे अंबरनाथचे. माझे मिस्टर तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा आम्ही एका संस्थेतून अकरा महिन्यांची मुलगी घरी आणली. अंबरनाथच्या चाळीत लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांनी मला रोज पाहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, "घर बदला. नव्या जागी कुणी काही विचारणार नाही." म्हणून आम्ही बदलापूरला, कुळगावात, नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो. भिंतींना अजून ओल्या प्लास्टरचा वास येत होता. तिथे मी सांगितलं, बाळंतपण माहेरी झालं. पण नव्या जागीच लोक जास्त विचारतात, हे सासूबाईंना ठाऊक नसावं. नॉर्मल की सीझर, दूध किती महिने पाजलं, डिंकाचे लाडू खाल्ले का. दुपारी गॅलरीत बायका जमायच्या. एकीला मी नॉर्मल सांगितलं होतं, दुसरीला सीझर, आणि त्या दोघी जिन्यात एकमेकींशी बोलताना दिसल्या की मी घाईने दार लावून घ्यायचे.

तुमच्या क्लासातही तेच झालं. एक दिवस मी बाहीचं कापड बेतत होते आणि पलीकडच्या मशीनवरची बाई मुलीकडे बघून म्हणाली, "रंग कुणावर गेला गं हिचा? तू तर गोरी आहेस." मी मान वर न करता म्हणाले, "सासूबाईंवर गेलीय." ती बाई परत कामाला लागली.  क्लास सुटल्यावर तुम्ही मला थांबायला सांगितलंत, पापड आणि पाणी पुढे ठेवलंत, आणि तुमच्या त्या हिंदी मिसळलेल्या मराठीत विचारलंत, "बेटा, ही तुझी आहे ना?"

मी म्हणाले, "म्हणजे काय? माझीच आहे."

"मग सासूचं नाव कशाला घेते?"

मला तोंडावर मारल्यासारखं झालं. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, "कुणी नाही. मुलगी पडते ना, तू आधी इकडेतिकडे बघते, कोण बघतंय का. नंतर तिला उचलते. जिची परीक्षा चालू आहे, ती बाई असं बघते. तुझी परीक्षा कोण घेतंय?" मी पापडाला हात लावला नाही. मुलीला उचललं, अर्धवट बेतलेलं कापड टेबलावर तसंच टाकलं आणि निघून आले. घरी येईपर्यंत रागाने कान गरम झाले होते, आणि मुलीने वाटेत दोनदा "आई" म्हटलं तरी मी ओ दिली नाही, हेही आठवतं.

तीन आठवडे मी आले नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात तुम्ही, घामाघूम, हातात माझं ते बाहीचं कापड, आणि तुमच्याबरोबर सुती साडीतल्या एक उंच बाई. बदलापूरला तुम्ही पहिल्यांदाच आला होतात, तीन जिने चढून. मी या म्हणायच्या आत तुम्ही त्या बाईंकडे बोट दाखवून म्हणालात, "ही पण." बस, एवढेच दोन शब्द. त्या अंबरनाथला राहायच्या, त्यांचे मिस्टर एका मोठ्या कारखान्यात ऑफिसर होते, आणि त्यांचा मुलगा माझ्या मुलीहून वर्षभराने मोठा. त्यालाही संस्थेतूनच आणलेलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी पोहे करायला घेतले आणि कांदा चिरताना रडू लागले, तेव्हा वहिनी (पुढे आम्ही सगळ्याजणी त्यांना वहिनीच म्हणू लागलो) शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर विचारतात ना, घरात कुणाला दमा आहे का, तेव्हा तुम्ही काय सांगता?" मी म्हणाले, माझ्या आईला आहे असं सांगते. त्या म्हणाल्या, "मीही तसंच सांगायचे. मग एकदा त्यावरून चुकीचं औषध चालू झालं. आता सरळ म्हणते, माहीत नाही, मूल दत्तक आहे. डॉक्टर लिहून घेतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. एवढंच होतं." दत्तक हा शब्द त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने उच्चारला. मुलगी ताटलीतले शेंगदाणे वेचत होती. काही कोसळलं नाही.

मग महिन्यातला एक शनिवार आमचा झाला. क्लासला सुट्टी असायची, मशिनींवर चादरी टाकलेल्या असायच्या. तुम्ही सकाळपासून कोकी लाटून ठेवायचात, कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी पोळी. आम्ही मुलं घेऊन यायचो. सुरुवातीला तिघीच होतो, मग कॅम्प पाचमधलं एक जोडपं आलं, कल्याणची एक नर्स आली. मावशींना मी आणलं. त्या बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून बदलापूर स्टेशनबाहेर रानभाजी विकायला यायच्या, सोबत पाचेक वर्षांची पोर. एकदा मी सहज विचारलं, तुमची नात का, तर त्या म्हणाल्या, "शेजारनीची. आयस मेली तिची, मंग मी घेतली. आता माजीच हाय." रस्त्यात, चार गिऱ्हाइकांसमोर, भाजीची जुडी बांधता बांधता. मी त्यांना पत्ता दिला आणि त्या खरंच आल्या. आमच्या गोष्टी तासभर ऐकल्या, कोकी खाल्ली आणि म्हणाल्या, "तुमी सगल्या हितं रडायला येता काय?" तुम्ही इतक्या हसलात की चष्मा खाली पडला. त्या दिवसापासून आमचं रडणं खूप कमी झालं. आम्ही बोलायचो ते साधंच. मुलाच्या वाढदिवसाला जन्माची वेळ कुणी विचारली तर काय करायचं, शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं, सासर अजून मुलाला कडेवर घेत नाही तर दिवाळीला जायचं की नाही. उत्तरं दर वेळी मिळायचीच असं नाही, पण प्रश्न ऐकून समोरची दचकायची नाही, हे मला फार मोठं वाटायचं.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकत नव्हते. मुलीला सांगायचं. वहिनींनी त्यांच्या मुलाला सांगून टाकलं होतं, मावशींच्या पोरीला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही दर शनिवारी माझ्याकडे बघायचात आणि मी म्हणायचे, अजून लहान आहे. ती सात वर्षांची झाली, कात्रपच्या शाळेत दुसरीत गेली. एक दिवस घरी येऊन दप्तर न काढता उभी राहिली. "आई, माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणते, मला आश्रमातून आणलंय. तिची आई म्हणाली." माझ्या तोंडून निघालं, "खोटं आहे. वेडी आहे ती."  ती दप्तर काढून हात धुवायला गेली. रात्री झोपेपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि तिने काढला नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

शनिवारची वाट न बघता मी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. तुम्ही कुणाच्या तरी ब्लाउजला काजं करत होतात. मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलंत, सुई कापडात खोचली, आणि तुमची गोष्ट सांगितलीत. आम्हाला एवढंच माहीत होतं की तुम्ही अगदी तान्ह्या असताना फाळणीत सिंधमधून या कॅम्पात आलात. त्या दिवशी तुम्ही पुढचं सांगितलंत: ज्यांना तुम्ही अमां म्हणायचात त्यांनी तुम्हाला जन्म दिला नव्हता, वाटेत कुणाचं तरी मूल त्यांच्या हातात आलं, हे तुम्हाला तुमच्या साखरपुड्यात कळलं, मुलाकडच्या एका बाईकडून. तुम्ही म्हणालात, "मला राग कशाचा आला सांगू? अमांने जन्म नाही दिला, त्याचा नाही. सगळ्या बॅरकला माहीत होतं. नळावर आमच्याशी भांडायच्या त्या बायकांना पण. फक्त मला नाही. मी एक वर्ष अमांशी बोलले नाही. ती रोज माझं ताट वाढून झाकून ठेवायची. बेटा, मला बाकी काही नको, ते एक वर्ष परत पाहिजे." मग सुई पुन्हा हातात घेतलीत आणि म्हणालात, "हा रविवार जाऊ देऊ नको."

त्यानंतरच्या शनिवारी सगळ्यांसमोर मी तुम्हाला जे सांगितलं ते असं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी मुलीला मांडीवर घेतलं. म्हणाले, तुझी मैत्रीण खरं बोलली आणि मी खोटं बोलले. तू माझ्या पोटातून आली नाहीस, आम्ही तुला घ्यायला गेलो होतो, तू निळ्या स्वेटरमध्ये होतीस. तिने विचारलं, "मी तिथे कुठल्या खाटेवर झोपायचे?" खिडकीजवळच्या, असं सांगितल्यावर तिने बोटं मोजायला घेतली. मग एकेक नाव घेत गेली. "म्हणजे वहिनींचा मुलगा पण? मावशींची मुलगी पण? कॅम्प पाचमधली ती दोन मुलं पण?" हो, हो, हो. "म्हणजे आम्ही सगळी शनिवारची मुलं," ती म्हणाली आणि खाली खेळायला गेली.

तुम्ही चष्मा काढून ओढणीने पुसत राहिलात. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "बघा, हिने करून दाखवलं. सगळ्यात जास्त घाबरायची, तिने केलं." आणि 'शनिवारची मुलं' हे नाव आम्हाला चिकटलं. पुढच्या काही वर्षांत कर्जत, वांगणी, डोंबिवलीकडून नवी जोडपी येऊ लागली, कुणी कुणाचं ऐकून. तुम्ही प्रत्येक नव्या आईला माझ्यासमोर बसवायचात. "हिला विचार, हिने कसं सांगितलं." मी सांगायचे. मी घरी शिवणाचे क्लास सुरू केले तेव्हा तुम्ही तुमची मोठी कात्री मला दिलीत आणि म्हणालात, शनिवारी मात्र कुणालाही शिकवायचं नाही. मी नाही शिकवलं. तुम्ही आजारी पडल्यावर ते शनिवार बदलापूरला, माझ्या घरी भरू लागले. तुम्ही गेलात तेव्हा सगळी मुलं आली होती, काही कॉलेजात होती, मावशींच्या मुलीचं लग्न झालेलं. तुमच्या सुनेने एवढी गर्दी बघून नवऱ्याला विचारलं, "ये सब कौन हैं?" तुमचा मुलगा म्हणाला, "अम्मा के शनिवारवाले." तिने काही न विचारता सगळ्यांसाठी पाणी आणलं.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही. पण तुमच्याशी बोलायला बसले आहे तर एक खरं सांगून टाकते. त्या रविवारी मी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. मी सुरुवात केली, "हे बघ," एवढंच म्हणाले. उठून गॅलरीत गेले आणि दोरीवरचे कपडे काढू लागले, अजून ओले होते तरी. सगळं माझ्या मिस्टरांनी सांगितलं. निळा स्वेटर, खाट, सगळं. मुलगी जे बोलली ते त्यांच्याशी बोलली, मी ओला टॉवेल छातीशी धरून दाराआडून ऐकलं. खाली खेळायला जाण्याआधी ती गॅलरीत आली आणि म्हणाली, "आई, बाबांचं सांगून झालंय. तू आता आत ये." मी आत आले.

तुम्ही सगळ्यांसमोर शाबासकी दिलीत तेव्हा मला ती हवी होती, म्हणून मी गप्प राहिले. पुढे ती गोष्ट कितीतरी आयांना सांगितली आणि दर वेळी गॅलरी गाळली. माझी मुलगी बरेचदा तिथेच असायची, सगळ्यांसाठी चहा गाळत. तिने मला एकदाही टोकलं नाही.