कोण कुठे बसलं होतं

तीर्थरूप बाबा,

धाकटीचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय?

जनुकांच्या माहितीचं आमचं तीन आठवड्यांचं काम एआय आता चहा होईस्तोवर उरकतं. परवा त्यानं रुग्णांच्या रक्तात आजाराची खूण शोधलीसुद्धा. सगळे खूश.

शाळेत दोन पेपरांत सारखीच चूक दिसली, की तुम्ही आधी कोण कुठे बसलं होतं ते विचारायचात. मलाही तीच खोड. मी रक्त तपासल्याच्या तारखा काढल्या. रुग्णांचं रक्त सगळं एकाच दिवशी तपासलेलं, निरोगी माणसांचं दुसऱ्या. यंत्राचं माप रोज थोडं बदलतं; एआयनं आजार नाही, तो दिवस ओळखला होता.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "आता तू हेच बघत जा."

तेव्हा नोकरीची काळजी नको. तुम्ही विचारालच म्हणून सांगते, मी खिडकीपाशी बसते. एआय आल्यापासून शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत.

आईला सांभाळा.

तुमची,
धाकटी