भाच्याचा लॅपटॉप

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिचा गुडघा आता जिना चढू देतो. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. तुझी कंबर कशी आहे? जड काही उचलू नकोस, हे सांगायला मी तिथे नाही म्हणून लिहितो.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "आता मन घट्ट झालंय, त्याचा लॅपटॉप घेऊन ये," एवढंच तर लिहिलंयस. रोज उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

लॅपटॉप बिघडलाय, ताई. हार्ड डिस्क गेली.

आपोआप गेली, असं लिहून पत्र संपवणार होतो. तसं एक लिहिलंही, फाडलं.

आपला पोरगा गेला तेव्हा तू त्याचा लॅपटॉप माझ्या हातात दिलास. "माझ्याच्यानं बघवत नाही, तू सांभाळ," म्हणालीस. दोन वर्षं तो कपाटात होता. मग माझा बंद पडला. शाळेचे पेपर काढायचे होते, म्हटलं आठ दिवस वापरू. आठ दिवसांचे आठ महिने झाले. ऑक्टोबरात तो टेबलावरून पडला. चालू झाला, पण आतून टकटक यायला लागली. ही म्हणाली, "अहो, आधी त्याचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या." मी म्हटलं, "एवढे पेपर होऊ देत." चौथ्या दिवशी स्क्रीन काळी झाली ती झालीच.

त्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "नीट आहे ना गं त्याचं सगळं?" गडबडीत मलाच 'गं' म्हणालीस. मी हसलो आणि म्हणालो, "अगदी जसंच्या तसं."

दोन दुकानदारांनी हात टेकले. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी डिस्क महिनाभर ठेवून घेतली. काल बोलावलं.

"आवाज यायला लागल्यावर किती दिवस चालवलात?"

"चार."

त्या माझ्याकडे न बघता स्क्रू डबीत भरू लागल्या. "आतल्या चकतीवर ओरखडे उठलेत. फायलींची नावं तेवढी मिळाली. नवी डिस्क घातली की लॅपटॉप चालेल."

लॅपटॉप कोणाला हवा होता!

त्यांनी नावांची यादी छापून दिली. त्यात 'आईची बडबड १' पासून 'आईची बडबड ४१' पर्यंत आहे. तू कामात असलीस की तो गुपचूप तुझं बोलणं रेकॉर्ड करायचा. तुला ठाऊक नव्हतं ना? तो गेल्यावर मी त्यातलं एकच ऐकलं होतं, पुढचं ऐकायची छाती झाली नाही. आठवतंय तेवढं लिहितो.

भांड्यांचा आवाज. तू म्हणतेस, "घोड्या, ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला?" तो म्हणतो, "घोड्याने." तू फस्सकन हसतेस, तोही हसतो. "आई, परत एकदा रागव ना," म्हणतो. तिथेच संपतं.

रविवारी सकाळी येतोय. दार उघडलं नाहीस तरी पायरीवर बसून राहीन. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
धाकटा