पाणी मारायचा नंबर

प्रिय आक्का,

हाताला फोड आलेत, पेन धरवत नाही, तरी लिहितेय. आज सकाळी शाळेत जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. शिवाय तुझ्याशी भांडायचंही आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया लागतात, अध्यक्ष पालकांतलाच लागतो, म्हणून तुला शोभेला खुर्चीवर बसवलं होतं. अध्यक्षबाई चहा पितील आणि गप्प बसतील! मला मारलं म्हणून लहानपणी मास्तरांच्या हातातली छडी मोडणारी तू, त्यांना काय माहीत?

नव्या खोल्या बांधायला घेतल्या तेव्हा भिंतींवर पाणी मारायला तू आयांचे नंबर लावलेस. ठेकेदार पाणी मारत नाही आणि आत पोरं आपली बसणार, म्हणालीस. तुझ्या नंबराला हंड्याच्या पाण्याबरोबर वाळूच खाली आली. विटांच्या सांध्यात बोट घातलंस तर खळगा पडला.

भिंत पाडून पुन्हा बांधा, नाहीतर समिती ताबा घेणार नाही, असं तू सभेत सांगितलंस. ठेकेदार हसला. तू घरून पहार आणलीस आणि त्याच्यादेखत कोपरा ढासळवलास. मग तो हसला नाही.

गुरांना घास कापून आणायला पाटाकडे एकटी कशाला गेलीस गं? धार काढून मी येतेच म्हटलं होतं ना? तिथे दबा धरून बसलेल्या दोघांनी आधी तुझे हात मोडले. मग दगडाने जबडा फोडला, कारण तू बोलायची थांबत नव्हतीस. नगरच्या दवाखान्यात तुझे केस मीच धुतले. कितीही धुतले तरी पाणी लालच येत राहिलं. तू गेलीस तेव्हा माझी बोटं तुझ्या केसांतच होती.

मारणारे दोघं तुरुंगात आहेत. पाठवणारा मोकळा. त्याने तो कोपरा तसाच लिंपला आणि समितीतले पुरुष मूग गिळून बसले. आणि आम्ही बाया? आम्ही त्या भिंतीला पाणी मारत राहिलो! तुझ्या दहाव्यालासुद्धा नंबर चुकला नाही. तू लावलेले नंबर मोडायचे कसे, असं वाटायचं. जिने तुला खाल्लं तिला आम्ही वासरासारखं पाजत होतो.

काल सरांनी सांगितलं, सोमवारी नारळ फोडायचा आणि तिसरीचा वर्ग नव्या खोलीत बसवायचा. तुझी चिमी तिसरीत आहे, आक्का. ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "मावशे, मी भिंतीच्या कडंला न्हाई बसनार."

आज नंबर माझा होता. हंडा घरीच ठेवला, तुझी पहार घेतली. खोटं कशाला बोलू? पहिला घाव घातला तेव्हा मला समोर भिंत दिसत नव्हती, त्याचं डोकं दिसत होतं. आवाज ऐकून बाया धावल्या. कुणी टिकाव आणला, कुणी कुदळ, म्हातारी हौसाबाई तर मुसळ घेऊन आली. भिंत आतल्या बाजूला पडली. धूळ बसल्यावर बघितलं तर नव्या बाकांचा चुरा झाला होता.

तेवढ्यात ठेकेदार माणसं आणि काठ्या घेऊन आला. भिंत कुणी पाडली, म्हणून आईवरून शिव्या देत विचारू लागला.

"आज माझा नंबर हुता," मी म्हणाले.

शेजारची कमल माझ्या पुढे येऊन उभी राहिली. "माझाबी हुता."

जिचा नातूसुद्धा शाळेतून कधीच बाहेर पडलाय ती हौसाबाई मुसळ टेकत आली. "माझाबी."

त्याने काठी उगारली. ती कमलच्या खांद्यावर बसली, पण कमल हलली नाही. त्याच्या माणसांतल्या एकाची बायको आमच्यातच उभी होती. त्या माणसाने आपली काठी टाकली आणि तो निघून गेला. मग बाकीचेही गेले.

पोलीस येतील. मला नेतील तर नेऊ देत. पण एवढं वचन घे. पुन्हा भिंत चढेल तेव्हा तिला आधी आमची पहार लागेल, मग पाणी. तुला मारायला ज्याने माणसं पाठवली, त्याचं नाव मी कोर्टात घेईन. तुझा जबडा फोडला त्यांनी, माझा अजून शाबूत आहे.

पहार घरी आणली नाही. शाळेच्या दारात रोवून ठेवली आहे. चिमीने तिला दप्तर अडकवलं आणि झाडाखालच्या वर्गात जाऊन बसली.

तुझीच बहीण, आणि तुझ्यामागे चिमीची आई,
सुमन