थुंकीचा रकाना

४ मार्च
खोटं लिहिलं. एकदा नाही, एकेचाळीस वेळा!

डॉक्टर वस्तीत रक्त तपासतायत. हर्पीसच्या कुळातला एक विषाणू आदिवासी वस्त्यांत कसा पसरतो, ते शोधायचंय त्यांना. मी इथलीच, शिकून नर्स झालेली एकटी. म्हणून घरोघरी प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. नववा प्रश्न: ‘आईची थुंकी मुलाच्या तोंडात किंवा अंगावर जाते का?’ तो मी कुणाला विचारलाच नाही. प्रत्येक घरापुढे ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

विचारायचं काय त्यात? लहानपणापासून बघतेय. किडा चावला की आई बोटावर थुंकी घेऊन चोळते. दात न आलेल्या बाळाला घास चावून भरवते. आई गेल्यावर आत्याने मला असंच वाढवलं. पण डॉक्टर शेजारीच रक्त घेण्यात गुंतलेले, पांढरे हातमोजे घालून. त्यांच्या तोंडावर ‘शी!’ उमटलेली मला बघवली नसती.

९ मार्च
कामावर गेले. कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं — आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

१७ मार्च
निकाल आले. मोठ्यांत विषाणू आहेच, पण पाच वर्षांखालच्या निम्म्या पोरांतही!

डॉक्टर फॉर्म चाळत बसले होते. “मला थुंकीचा संशय होता. पण तुम्ही तर सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. मग उरतो शरीरसंबंध.” मग हळूच, “सिस्टर, इथली मोठी माणसं मुलांशी... नीट वागतात ना?”

“छे, काहीतरीच काय!” म्हटलं. एवढंच. खरं काही तोंडातून निघेना.

२० मार्च
बालकल्याण खात्याच्या दोन बायका आल्या. बहिणीच्या चार वर्षांच्या मुलीला आतल्या खोलीत एकटीला नेलं. बाबा कुठे कुठे हात लावतात, असं विचारलं. पोरगी निरागसपणे म्हणाली, “डोक्याला. वेणी घालतात ना!”

भावजी बाहेर दाराची चौकट धरून उभे होते. मला म्हणाले, “मी काय केलं गं? तू शिकलेली आहेस, तूच सांग.”

मलाच विचारलं!

२१ मार्च
सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

“अहो, जगभरच्या आया हे करतात. माझीसुद्धा करायची. बहुतेकांना या विषाणूने जन्मभर काही होतही नाही. यात लपवण्यासारखं काय होतं?”

घरोघरी पुन्हा विचारायचं ठरवलं, आणि नवे फॉर्म येईपर्यंत चौकशी थांबवा, असं बालकल्याण खात्याला पत्र त्यांनी तिथेच लिहिलं. भावजींची संशयातून सुटका आता त्या फॉर्मांवर. ते भरायला बाहेरची नर्स येणार. मला कामावरून काढलं. योग्यच केलं.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला विचारलं असतंस तर रस्त्यात उभी राहून सांगितलं असतं. तुला भरवताना मला नाही लाज वाटली. तुला बरी वाटली! मोठी आली बालिस्टर!”

२३ मार्च
आत्या अजून बोलत नाही. ताट मात्र वाढून ठेवते.

२८ मार्च
नवी नर्स एकेचाळीस घरं फिरली. चांगली बाई आहे, गोड बोलते. जाताना मला म्हणाली, “अहो, तुम्ही बरोबरच लिहिलं होतं की! सगळीकडे ‘नाही’च.”

त्या दोन बायका येऊन गेल्यापासून वस्तीला भीती बसलीय. आत्यानेही ‘नाही’ सांगितलं.

धावत बहिणीकडे गेले. धाकट्याला मुंगी चावली होती, कडेवर भोकाड पसरलेलं. तिचं बोट ओठांपर्यंत गेलं, तेवढ्यात मी दिसले. तिने दार लोटून घेतलं.