फॉर्म कोणी भरला

करी रोड, मंगळवार

लवू भावोजी,

हे गेल्यावर केलेला विम्याचा दावा कंपनीने नाकारला, आणि माझी तक्रार विमा लोकपालांनी मला न बोलावताच फेटाळली. यांनी हृदयाचा आजार लपवला म्हणे. "बाईंचं ऐकून घ्या," असं हायकोर्टाने सांगितलं, म्हणून आज पुन्हा सुनावणी झाली.

लोकपाल साहेबांनी विचारलं, "फॉर्म कोणी भरला?"

मी पाणी मागितलं. आजाराचं मी तुम्हाला सांगितलं होतं. "वहिनी, ते लिहायचं नसतं," म्हणत तुम्ही 'नाही' लिहिलंत.

"माझ्या दिरांनी. एजंट तेच होते," मी म्हटलं.

तुमचं लायसन्स जाईल. तुमच्या वैभवचं लग्न तोंडावर आलंय, तेही ठाऊक आहे. पण यांना खोटारडं ठरवून मला घरी येववलं नसतं.

तुम्हाला नोटीस येण्याआधी हे माझ्याकडून कळायला हवं. पाकिटावर पत्ता लिहिलाय, पण पेटीत टाकवत नाही.

तुमची वहिनी,
लक्ष्मी