दुसऱ्या भागातला तपकिरी ड्रॅगन

तुम्हाला सिनेमाची हौस नव्हती. घरात नाटकं कमी चालतात का, तीन तास पैसे देऊन आणखी कशाला बघायची, असं तुम्ही म्हणायचात. तरी आज मी तुम्हाला एका सिनेमाबद्दलच लिहायला बसले आहे, आणि तेही लहान मुलांच्या. वर मायना लिहिलेला नाही. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न तुम्ही असतानाही सुटला नव्हता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तो माझ्या एकटीच्यानं कुठला सुटायला.

आधी बातमी सांगते. मी लग्न केलं. चाळिशीला टेकल्यावर केलं, तेव्हा फार कोणी विचारायला उरलं नव्हतं, ते एक बरं झालं. नवरा गुजराती आहे, करजणजवळच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याची पहिली बायको आजारपणात गेली. त्याला एक मुलगी आहे, चौथीतली. म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत तुम्ही ज्या जागी येऊन उभ्या राहिलात, त्याच जागी आता मी निजामपुऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये उभी आहे. हसा तुम्ही. पहिल्या दिवशी बाथरूमचं दार लावून मीही हसले होते, आणि मग बराच वेळ बाहेर आले नव्हते.

ही मुलगी मला काहीच म्हणत नाही. मम्मी नाही, आंटी नाही, मावशी नाही. काम असलं की जवळ येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत थांबते आणि मग एकदम वाक्याच्या मधूनच सुरू होते. लांबून बोलवायचं असेल तर खोकते. नवऱ्याच्या हे लक्षातही आलं नव्हतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात आलं, कारण या विद्येत मी तिच्या वयाची असताना पारंगत होते. मध्ये एकदा तिची आत्या आली होती, इकडे फोई म्हणतात. जेवताना तिनं सगळ्यांसमोर मुलीला धरलं, "मम्मी बोल ने बेटा, एमां शुं थई जवानुं छे?" मम्मी म्हण ना, त्यात काय होणार आहे. मुलगी ताटातल्या भाताकडे बघत राहिली. मला तुमच्यासारखं काहीतरी तोडीचं बोलायचं होतं, पण मी नुसती पोळी वाढली. नको असताना वाढली, तीही फोईला.

तुम्ही बोलला होतात. मला तो दिवस ताटावाटीसकट आठवतो. तुम्ही ओट्यापाशी भाकरीचं पीठ मळताय, माझी आत्या पाटावर बसली आहे, मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी. आत्या मला म्हणते, "हिला आई म्हण बघू." मी पाठ घासतच राहते. मग ती उसासा टाकून तुमच्यासमोरच म्हणते, "काय करणार, पोरीला आता दुधाची तहान ताकावर भागवायची." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ताक पचायला बरं असतं, वन्सं. थोडं देऊ का?" आत्या त्या दिवशी जेवायला थांबली नाही. बाबा संध्याकाळी विचारत राहिले, ताई का गेली म्हणून, आणि तुम्ही म्हणालात, त्यांना पित्त झालं असेल.

ती गेल्यावर तुम्ही हात धुतलेत आणि मला ओट्याजवळ बोलावलंत. तुम्ही तेव्हा एका औषधाच्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होतात. "हे बघ," तुम्ही म्हणालात, "मला काय म्हणायचं ते आज नक्की करायला नको. कधीच नाही केलंस तरी चालेल. ऑफिसात दिवसभर बेल वाजली की मी बोलते, नाव घेऊन मला कोणी बोलावत नाही. घरीपण तसंच. काही जोइए तर वाटी वाजव, मी येईन." आणि मांडणीवरची एक स्टीलची वाटी काढून, तिच्यात चमचा टाकून ती माझ्या हातात दिलीत. वाटीवर आईचं नाव कोरलेलं होतं. मांडणीवरच्या सगळ्याच भांड्यांवर होतं, तिच्या लग्नातली होती ती. मोडीत काढ आणि नवी घे, असं तुम्हाला कितीजणींनी सांगितलं होतं. तुम्ही रोज ती घासलीत, पुसलीत आणि जागच्या जागी लावलीत. पुढे तुम्ही तुमच्या पगारातून घेतलेल्या भांड्यांवर काय कोरायचं ते दुकानदारानं विचारलं, तेव्हा मी बरोबर होते. "नाम शुं लखुं, बेन?" तुम्ही म्हणालात, "कंई नहीं. कोरुं ज राखो." आपल्या मांडणीवर अर्धी भांडी नावाची होती आणि अर्धी बिननावाची, आणि मला ते कधी विचित्र वाटलं नाही.

वाटी मी वाजवली, खूप वाजवली. गणित अडलं की, वेणी घालायची असली की, ताप आला की. एकदा पाहुण्यांसमोर मुद्दाम जोरजोरात वाजवत राहिले, तुम्ही कशा धावत येता ते सगळ्यांना दाखवायला. तुम्ही धावत आला नाहीत. हात पुसत चालत आलात, वाटी काढून घेतलीत आणि म्हणालात, "एकदा वाजवली तरी ऐकू येतं. मी बहिरी नाही." एवढंच. पण पाहुण्यांतल्या एका काकू हसल्या त्याचं मला इतकं लागलं की मी रात्री जेवले नाही. सकाळी ती वाटी माझ्या उशाशी होती.

आणि एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली तेव्हा तुम्ही मला कारखान्यात नेलंत. काचेची खोली, वायरी, कानाला लावलेलं ते यंत्र. तुम्ही गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लोकांना थांबवत होतात, जोडत होतात आणि मधेच कुणाच्यातरी बोलण्यावर मोकळ्या हसत होतात. तुम्हाला असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. शिपायानं विचारलं, "आ कोण? तमारी बेबी?" मी कान टवकारले. तुम्ही म्हणालात, "आ अमारा घरनी छोकरी छे." माझी म्हणाला नाहीत, बाबांचीही नाही. आमच्या घरची. बसमध्ये परत येताना मी ते उत्तर चघळत बसले होते. त्यात मला काही कमी सापडलं नाही.

आता सिनेमा. व्हायकिंग म्हणून थंड मुलखातले दाढीवाले दर्यावर्दी असतात, डोक्यावर शिंगांची टोपी घालणारे. झोपताना तरी ती काढतात का, असं तुम्ही पहिलं विचारलं असतंत. त्यांच्यातली एक मुलगी आणि तिचा निळा ड्रॅगन, म्हणजे पंखांची, आग ओकणारी अजस्र घोरपड, यांची गोष्ट पहिल्या भागात होती. तो भाग आमच्या मुलीनं तिच्या मम्मीबरोबर पाहिला होता. निळ्या ड्रॅगनची एक उशी आहे तिच्याकडे, तिचा उसवलेला कान मम्मीनं लाल दोऱ्यानं शिवलेला आहे. ती उशी धुवायची नाही हे मला न सांगता कळलं. आणि आता त्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता.

पप्पांबरोबर जायचं ठरलं होतं. शनिवारची तिकिटं काढलेली. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुपारी करजणहून फोन आला की मशीन बंद पडलं आहे, निघता येत नाही, तुम्ही दोघी जा. मुलीनं फोन ठेवला. "मारे पप्पा साथे जवुं हतुं," ती भिंतीला म्हणाली. मी म्हटलं, नको असेल तर नको जाऊ या. ती खोलीत गेली. मी गॅसपाशी उगाच फडकं फिरवत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ती नाही म्हणेल याची होती आणि हो म्हणेल याचीही. जी गोष्ट तिनं आईच्या मांडीला टेकून सुरू केली, तिच्या पुढच्या भागाला शेजारच्या खुर्चीत मी बसायचं, हे तिला सहन होईल का? आणि नाही झालं, तर मग त्या घरात मला कुठं बसायचं? थोड्या वेळानं ती बूट घालून दारात येऊन उभी राहिली आणि खोकली. "चालो, मोडुं थशे." चला, उशीर होईल.

अंधार झाला, सिनेमा सुरू झाला, आणि बघते तर निळा ड्रॅगन नाहीच. पहिल्या भागाच्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये तो कधीतरी समुद्रापलीकडच्या लढाईत गेला, असं एक म्हातारा शेकोटीपाशी सांगतो. थिएटरभर पोरं कुजबुजायला लागली. गावानं त्या मुलीला दुसरा ड्रॅगन दिला आहे. तपकिरी, बेढब, त्याला धड आगही ओकता येत नाही, नुसता धूर येतो. मुलगी त्याच्यावर बसायला तयार नाही. ती बर्फातून पायी चालते आणि तो तिच्या मागून, तिची पिशवी दातांत धरून, अंतर राखून चालतो. मला पडद्याकडे बघवेना. शेजारी बघायचं धाडस नव्हतं. तिकीट काढताना कुणी हे सांगितलं असतं तर मी ताप आल्याचं सोंग केलं असतं.

मध्यंतर झालं. मी पॉपकॉर्न आणले. ती एकेक दाणा निवडून खात होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पहेलावाळो पाछो आवशे?" तो पहिला परत येईल का. मला खोटं बोलणं फार सोपं होतं, सिनेमाच तर होता. पण मी म्हटलं, नाही, मला नाही वाटत. ती मान हलवून पुन्हा दाणे निवडायला लागली. त्यानंतर मला काय झालं कोण जाणे, मी तिला तुमच्याबद्दल सांगायला लागले. माझी आई मी लहान असताना गेली हे सांगितलं, मग तुम्ही आलात हे, टेलिफोनचा बोर्ड, ताक, आत्या, वाटी, सगळं. आत्याच्या ठिकाणी ती हसली. मग विचारलं, "तो तमे एमने शुं कहेता'ता?" तुम्ही त्यांना काय म्हणायचात? मी म्हटलं, काही नाही, वाटी वाजवायचे. "कायम?" "कायम."

शेवटचं मात्र तिला सांगितलं नाही. तुमच्या आजारपणात आवाज उरला नव्हता तेव्हा बिननावाचा कोरा पेला आणि चमचा तुमच्या हाताशी ठेवला होता. वाजवायचात तुम्ही, आणि यायचे मी. एकदाच वाजवायचात. मी कुठंही असले तरी ऐकू यायचं.

सिनेमाच्या शेवटी व्हायचं तेच झालं. वादळ आलं, मुलगी बुडायला लागली, तपकिरी ड्रॅगननं उडी घेतली, आणि पुढच्या मिनिटाला ती त्याच्या गळ्यात पडून ढगांत. वर जोरात संगीत. लोक टाळ्या वाजवत होते. बाहेर रिक्षाची वाट बघताना आमची मुलगी म्हणाली, "ए खोटुं छे. आटलुं जल्दी कोई ना बेसे." खोटं आहे हे, इतक्या लवकर कोणी पाठीवर बसत नाही. मी म्हटलं, मलाही नाही पटलं. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग आम्ही रस्त्यात सेव उसळ खाल्ली आणि तिखटानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी पोचेपर्यंत आम्ही त्या सिनेमाला नावं ठेवत होतो. इतकं मोकळं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. आतून आवाज आला, चमच्याचा, स्टीलवर. एकदाच. माझे हात थांबले. गॅस बंद केला आणि गेले. ती पलंगावर बसली होती, एका हातात दुधाचा रिकामा पेला, दुसऱ्या हातात चमचा, मांडीवर लाल दोऱ्याच्या कानाची उशी. मी विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, "अमथुं ज. जोती'ती, तमे आवो छो के नहीं." उगाच, तुम्ही येता की नाही, ते बघत होते. मी म्हटलं, आले. आणि तशीच उभी राहिले, कारण पुढे काय करायचं ते तुम्ही शिकवलं नव्हतंत. तुम्ही तेव्हा काय करायचात? बहुतेक परत स्वयंपाकघरात जायचात. मीही गेले, आणि चहात साखर दोनदा घातली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून ठेवायचं आहे. त्यात एक गोष्ट मी मघाशी गाळली. मध्यंतरात तुमची गोष्ट सांगताना मी गुजरातीत बोलत होते, तिच्याशी तसंच बोलते, आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, "मारी मम्मीए कह्युं हतुं, वाटकी वगाडजे." तिनं ते ऐकलं. मी ऐकलं ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर. म्हणजे तुम्हाला आई म्हटलं, पण परक्या भाषेत, तुमच्या माघारी, आणि तोंडात पॉपकॉर्न असताना. मराठीत म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नाही. आज घरात कोणी नाही म्हणून मघाशी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग इकडे बरोबर आणलेली आईच्या नावाची वाटी काढली आणि वाजवली. एकदाच.